पुढची रांग

एकतीस वर्षं वजनमापं तपासली मी,
मंडईपासून मंचरपर्यंत.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
पोकळ करून लाखेनं बुजवलेलं अर्ध्या किलोचं वजन,
बोटांनीच ओळखायचे.
दुकानदार चहा मागवायचे. मी प्यायचे नाही.

आता सिंहगड रोडवरच्या या थंडगार दुकानात
ट्रॉलीचं एक चाक डावीकडे ओढतंय
आणि मी तिला उजवीकडे ओढतेय.

पोह्यांचा पुडा उचलते.
रंग तोच, वरची हसरी बाई तीच,
किंमतही, म्हणाल तर, तीच.
फक्त खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, नऊशे ग्रॅम.
दिवाळीला किलो होता.
गुन्हा नाही. नऊशे लिहिलंय, नऊशे भरलंय.
माझं अख्खं खातं इथं आणून उभं केलं
तरी दंडाची पावती फाडता येणार नाही.

शेंगदाणे भाजले की खवट वास घरभर, त्याला कलम नाही.
तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा अलिप्त,
सोसायटीच्या मीटिंगला बसल्यासारखी.
त्यालाही नाही.
आणि जिथे पाच तऱ्हांचे तांदूळ असायचे
तिथे आता यांचाच, यांच्याच नावाचा,
एकच,
पाच आकारांच्या पिशव्यांत.

"आंबेमोहोर कुठं ठेवलाय रे?"
हिरव्या टी-शर्टातला बालाजी
हातातल्या यंत्रात बघतो.
"सिस्टिमला दाखवत नाही, मावशी."
"संपलाय?"
"संपलाय असंबी दाखवत नाही.
कधी नव्हताच, असं दाखवतंय."

चार वर्षं, दर महिन्याला दोन किलो,
नेलाय मी इथून.

तो परत खाली बसतो, मागचे पुडे पुढे ओढतो,
काठाला काठ लावून,
पंगतीतल्या पानांसारखी सरळ रांग.
"हे कशाला?"
"भरलेलं दिसाय पाहिजे म्हणतेत. राउंडला येतेत ना वरचे."

मी त्या रांगेमागे हात घातला.
मनगट गेलं. कोपर गेलं.
एकतीस वर्षांत इतकं पोकळ काही
हाताला लागलं नव्हतं.

रॅकला पाठ नव्हती.
पलीकडून दुसराच एक हात आत आला,
हिरवी बांगडी, नखांत हळद,
चाचपडत.
दोघींचीही बोटं दचकली.
"अहो, तुमच्या बाजूला कडवे वाल आहेत का?"
"नाही हो. तुमच्याकडे आंबेमोहोर?"
"छे! इकडे नुसते ओट्स."
तरी दोघींनीही हात लगेच काढला नाही.
"हिंगण्याच्या कोपऱ्यावर मिळतात म्हणे वाल."
"मिळायचे. तिथं आता केक मिळतात."
"अगं बाई."
मग बांगडी वाजली, आणि हात गेला.
चेहरा काही दिसला नाही.

बालाजीनं इकडेतिकडे बघितलं.
"खरं सांगू का मावशी, आमी पोरं इथलं काही घेत नाही.
माझी डाळ उदगीरहून येती,
यष्टीनं, चुलत्याच्या हाती."
आणि परत कामाला लागला,
शेवटचे चार पुडे
आठ असल्यासारखे मांडत.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, कॅरीबॅग?
बिलाच्या तळाशी माझं अभिनंदन होतं:
आज आपण सदतीस रुपये वाचवलेत.
दारातल्या यंत्रावर तीन चेहरे, हसरा, मधला, रडका.
रडक्याचं बटण लोकांनी दाबून दाबून
आत गेलंय, वर येत नाही.
हसरा मात्र कोरा करकरीत.

रिक्षात बसल्यावर
सवयीनं पोह्यांचा पुडा तळहातावर तोलला.
डोळे मिटून.
हात अजून चुकत नाही माझा.

नऊशे.
बरोबर. अगदी बरोबर.