दिवाडीच्या फेरीत एक तृतीयांश

दहावी ब, शेवटचा तास.
फळ्यावर मी लिहिलं: एका घरी दोन मुलं,
त्यांपैकी एक तरी मुलगा आहे.
दोन्ही मुलगेच असण्याची शक्यता काढा.
मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा.
मुलगी-मुलगी ही जोडी मीच खोडली
आणि सवयीनं दोन रेघा मारून उत्तर दिलं:
एक तृतीयांश.

शेवटच्या बाकावरून वेदश्री गावडे उठली,
जी एरवी हजेरीलाही अर्धवटच उठते.
"बाई, पण हे तुम्हांला कळलं कसं?"
"काय कसं?"
"एक मुलगा आहे ते. तुम्ही त्यांना विचारलंत,
की जाता जाता एक दिसला?"

वर्ग हसला. मीही हसले थोडी.
मग खडू खाली ठेवला, कारण
विचारल्यावर ते "हो" म्हणाले असतील तर एक तृतीयांश,
पण दोघांतलं कुणी तरी एक, कुठलंही,
सहज अंगणात आलं आणि तो मुलगा निघाला,
तर निम्मी.
घर तेच, मुलं तीच, माझं वाक्यही तेच.
पंचवीस वर्षं हे गणित शिकवतेय
आणि त्या घराच्या फाटकापर्यंत
कधी गेलेच नव्हते.
घंटा झाली म्हणून वाचले.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरी नुकतीच सुटलेली.
ती नेहमी नुकतीच सुटलेली असते.
पाटीवर लिहिलंय, दर वीस मिनिटांनी,
म्हणजे सरासरी दहा मिनिटं थांबावं.
पण हे झालं पाटीवरच्या फेरीचं.
आमची कधी पाच मिनिटांत येते, कधी पस्तीस,
खलाशी मिनिनो चहाला उतरला की.
आणि पस्तिसाच्या पोटात माणसं मावतात पुष्कळ,
पाचात सापडणार कोण?
धक्क्यावरचा जो तो कपाळाला हात लावून सांगतो
"मी आलो की हटकून उशीर."
त्याचं खरं असतं,
आणि पाटीही खोटी नसते.

शेवटी आली. स्कूटर, मासळीच्या टोपल्या,
सिमेंटची दोन पोती, मी.
कठड्याला टेकून एक बाई,
तिच्या खांद्यावर झोपलेला चारेक वर्षांचा पोरगा,
मुठीत अर्धा उंडो.
उगाच बोलायचं म्हणून मी विचारलं,
"मुलं किती?"
"दोन."

मला राहवेना. आणि आज मी सावध होते:
हा दिसला, विचारून कळलेला नाही,
तेव्हा दुसराही मुलगा असण्याची शक्यता निम्मी.
वेदश्रीनंही मान डोलावली असती.
मनातल्या मनात मी दोन रेघा मारल्या.
"मग दुसरा कुठे?"
"कोण दुसरा?"
"याचा भाऊ. किंवा बहीण."
ती हसली, पोराची झोप मोडणार नाही इतपत.
"हो म्हजो न्हय, बाय. शेजाऱ्यांचो.
म्हज्यो दोगीय चलयो."

मुली. दोन्ही.
एक बोटीवर खोल्या आवरते, सध्या इटलीच्या बाजूला,
एक बांबोळीला नर्स.
मी दुपारी फळ्यावर खोडलेली जोडी
इथे मांडवीच्या मधोमध
नावागावासकट उभी होती.

मग दिवाडीपर्यंत मी काहीच काढलं नाही.
खारफुटीच्या मुळांशी चिखल उघडा पडला होता,
कुणीतरी कमरेभर पाण्यात जाळं ओढत होतं,
त्यात काय आहे
ते त्यालाही अजून ठाऊक नव्हतं.

रॅम्प खडखडत पडला. पोरगा जागा झाला,
तिनं त्याला खाली सोडलं,
तर तो सरळ धावत गेला
काठावर छत्री घेऊन उभ्या असलेल्या
एका तिसऱ्याच बाईकडे,
आणि उरलेला उंडो तिच्या हातात दिला.

आई असावी.
विचारलं नाही.