रतीब

तात्या खोत हे सांगायचा तेव्हा
आधी चरवी खाली ठेवायचा,
हातात नसली तरी.

वळिवड्याच्या माळावर बराकी उठल्या त्या साली
त्याला रतीब मिळाला, सत्तावन्न दारं.
गावातलं कोणी म्हातारं म्हणालं,
म्लेंच्छांच्या दारात दूध घालतोस?
आणि पहिल्याच दारात एक पोरगी,
कणसाच्या तुऱ्यासारखे केस, पायात बापाचे बूट,
पेला पुढे करून म्हणाली, म्लेको.
तात्या दचकला. ही कुणाला म्हणते?
मग कळलं, दुधाला.

यादविगा तिचं नाव. तात्या म्हणायचा, यदुबाई.
तिच्या मुलखात दोन्हीकडून फौजा शिरल्या.
रात्री दार वाजलं. अर्ध्या तासात निघा.
पुढे बर्फात भाऊ राहिला, नीट पुरलाही नाही.
हे सगळं तिने हातांनी सांगितलं
आणि भाऊ सांगताना
हात गुडघ्याच्या उंचीवर धरला.

अर्धा पेला प्यायची. अर्धा झाकून उशाशी.
उन्हाळ्यात नासायचं. तरी ठेवायची.
तात्या रोज सांगायचा, अगं, म्हस हाय की उद्या.
तिला म्हस कळायची.
उद्या कळायचं नाही.

मग एका सकाळी आगगाडीत बसून गेली सगळी,
आपल्या गावी नाही, आणखी लांब कुठे.
चौकटीवर कोळशाच्या सात रेघा तशाच राहिल्या.

त्याच दारात चेतीबाई आली, शिकारपूरची,
तीन पोरं आणि चाक नसलेलं शिवणयंत्र घेऊन.
म्हणाली, खीर द्या.
तात्या म्हणाला, बाई, खीर तुमची तुम्ही करा,
मी नुसतं दूध विकतो.
तिने पेला पुढे केला.

महिनाअखेरीला तिने रेघा मोजल्या,
सात जास्तीचे पैसे दिले.
ह्या तुमच्या नव्हेत, तात्या म्हणाला.
ती म्हणाली, दार तर हेच ना. प्यालंय कुणीतरी.

घेतलेस? मी विचारायचो.
घेतले की. म्हशीला पेंड काय फुकट येती?

आता तिथे साड्यांची दुकानं, गाड्या लावायला जागा नाही.
तात्या गेला त्याच्या आदल्या रात्री
सीपीआरच्या वॉर्डात मी त्याला दूध दिलं.
अर्धं प्याला. अर्ध्यावर बशी झाकली.
संपव की, म्हटलं.
राहू दे, म्हणाला.
कुणाला, ते सांगितलं नाही.