घडी

आस्मुंड सेहेचाळीस वर्षांचा.
ट्रोम्सोच्या बंदरामागे, हॉटेलांच्या धुलाईघरात
तो टॉवेलांच्या घड्या घालायला शिकत होता,
मी शिकवायला.

पहिले तीन आठवडे माझं बोट:
इथं. आता इथं.
मग टेबलावर निळी पट्टी चिकटवली.
कड पट्टीवर नीट आली की
एक पितळी चकती पत्र्याच्या डब्यात, टण्.
दहा चकत्यांची एक वाफल, वर तपकिरी चीज.

बरोबर: सात. चूक: तीन.
पुढच्या सोमवारी बरोबर: नऊ.
मी खूश होते, त्याच्यावर की स्वतःवर,
त्याला नोंदवहीत रकाना नव्हता.

मग एका गुरुवारी मला सर्दी झाली.
तोंडावर मास्क, नाक चोंदलेलं,
आणि आस्मुंडचे हात हवेतच थांबले.
पट्टी होती तिथंच होती.
तो माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होता.
तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं:
कड पट्टीला भिडेपर्यंत
मी रोज श्वास धरून ठेवायचे
आणि भिडली की सोडायचे.
पट्टी तो बघतच नव्हता.
मला वाचत होता,
जे माझ्या नवऱ्याला बावीस वर्षांत जमलं नाही.

मी त्याच्या पाठीमागे उभी राहू लागले.
मग दारात. मग दाराबाहेर.
पट्टी रोज नखभर कापत गेले.
चकती आधी दोन घड्यांना एक, मग पाचांना,
आणि वाफल?
ती त्यानं कधी मागितलीच नाही.
डबा जड होत गेला.
'चल, मोजूया' म्हटलं की तो छातीशी धरायचा.
मी लिहिलं: बक्षिसाचा अर्थ अजून लागलेला नाही.

दोन महिन्यांच्या काळोखानंतर
डोंगराच्या खांद्यावर सूर्य पहिल्यांदा दिसला,
सगळे कॉफीचे कप घेऊन अंगणात धावले.
त्या दिवशी मी डबा कपाटात ठेवला
आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

पट्टी नाही. बोट नाही. मी नाही.
आस्मुंडनं टॉवेल पसरला,
कडेला कड लावली,
तळव्यानं एक सुरकुती हळूहळू
काठापर्यंत नेऊन बाहेर सोडली,
हे मी शिकवलं नव्हतं,
आणि घडी ढिगावर ठेवताना
ओठांचा चंबू करून
स्वतःशीच म्हणाला:
टण्.

दाराबाहेर माझा श्वास सुटला.
त्याला तो ऐकू गेला नसावा.