पुढ्यात राहा

रात्रीचे पावणेतीन. चोडणात वीज आहे, हे आधी नोंदवते.
मडगावहून आन्सेल्म माझ्या कानात जांभया देतोय
आणि आमचा कंटेनर सत्तेचाळिसाव्यांदा मेलाय,
मागे शून्य हा आकडा ठेवून.

शून्य म्हणजे तक्रार नाही.
सगळं नीट पार पडलं, येतो.
चूक सांगून मरणाऱ्याशी भांडता येतं.
हे असं समाधानानं मरणं
कुठे पकडायचं?

स्क्रिप्ट पुन्हा वाचते. चारच ओळी.
एक नंबर तिचा. ती डीमनला उठवते,
तो जुन्या रीतीनं दोनदा कूस बदलतो,
तोंड-कान मिटून घेतो,
मागल्या अंधारात कामाला लागतो.
स्क्रिप्टला वाटतं, झालं आपलं. ती हात झटकते.
आणि एक नंबर गेला की या डब्याला
भिंती उरत नाहीत.
मागे राबणारा
राबत्या हातांनिशी जातो.

बांधावरचा देवचार असाच.
कुणी पाहिलेला नाही. खांद्यावर कांबळं, हातात दांडा,
रात्रभर शीव फिरतो, चुकलेल्याला वाटेला लावतो म्हणे.
फटू गावडे दरवर्षी त्याला रोट ठेवायचा,
एक विडी, आणि चामड्याच्या नव्या चपला.
वर्षानं त्या झिजलेल्या मिळायच्या,
डावी टाचेशी जास्त.
मी नववीत होते. म्हटलं, फटूमामा, उंदीर असतील.
तो म्हणाला, उंदीर टाच झिजवतो काय गो?

फटू मानशीवर होता.
खाजनाच्या बांधातलं ते लाकडी दार
भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
म्हणून लोक विचारत, तिथे माणसाचं काम काय?
शेवाळ खरवडणं. अडकलेला ओंडका ओढणं.
फळीत बोट खुपसून
किती कुजली ते बघणं.
मागच्या श्रावणात त्याला बांबोळीला नेलं.
दार दोन भरत्या अर्धं उघडं राहिलं.
कोरगूट खाऱ्याला भीत नाही,
पण इतकं खारं त्यालाही नवीन होतं.
कुणी काही बोललं नाही.
शून्य.

आन्सेल्म म्हणतो, कालचं विसरू नकोस.
काल मी एक नंबरवर नुसती झोप बसवली होती,
घोरत राहा, पण मरू नकोस.
तासभर तगला. आत मेलेली पोरं
यादीत तशीच उभी, तीनशे बारा.
नाव खोडायला आई-बाप लागतात,
नसले तर एक नंबरवाला.
त्या कामाचं नाव वाट पाहणं. खरंच. हुकुमातच तसं लिहिलेलं असतं.

मग एक छोटा कारभारी आणून बसवला.
स्वतः काहीच करत नाही.
मरणाऱ्याची वाट पाहतो, नाव खोडतो,
वरून निरोप आला की आत पोचवतो,
आवरा, दहा सेकंद आहेत.

फटूला दहा सेकंद मिळाले का, माहीत नाही.
दार उचलायची पहार कुठे ठेवलीय
हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी डीमनला लिहिते,
मागे जाऊ नकोस. पुढ्यात राहा.
जे घडेल ते पोटातल्या वहीत लपवू नकोस,
डबा फेकला की वहीही जाते.
उंबऱ्याबाहेर बोल.

म्हणजे देवचाराला सांगायचं
की दिवसाढवळ्या सोप्यावर बस,
चपला दारात काढ.
बरं नाही वाटत. पण चाललं.

सव्वाचार. चाळीस मिनिटं झाली, मेला नाही.
आन्सेल्म फोन चालू ठेवूनच झोपलाय,
त्याचा श्वास ऐकू येतोय, मी कट करत नाही.
पहिल्या फेरीबोटीआधी बांधावर जाऊन येईन म्हणते.
यंदा चपला कुणी ठेवल्या नाहीत.
म्हापशाच्या बाजारात मिळतील,
पण दुकानदार नंबर विचारेल,
आणि तो फटूलाच ठाऊक होता.