पायलीभर तूर

आमच्या गावच्या विहिरी खाऱ्या.
पाळकसाहेब नवे होते तेव्हा मोठ्या उत्साहानं म्हणाले,
तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात,
आणि बायांच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं.
तबिथाबाईच असणार.

मी हसलो नाही. मी वडीलजन.
माझ्याकडे अर्पणाची पिशवी, कपाटाची किल्ली
आणि लांब प्रार्थना.
हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही धूळ व राख असे
तुझ्या चरणांशी लीन होऊन येतो...
असं सुरू केलं की टिनावरची कबुतरंसुद्धा गप्प.
अकोल्याहून पाहुणे आले की मलाच उठवतात.
घरी मी वऱ्हाडी बोलतो, बाजारात वऱ्हाडी,
बैलाला शिवी देतो तीही.
देवाशी तेवढा पुस्तकी.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं.
मेजावर पांढरं कापड, काळ्या मनुका उकळून केलेला रस,
भाकरीचे तुकडे मी स्वतः कापलेले, चौकोनी, सारखे.
प्रार्थना "एकमेकांस क्षमा"पर्यंत आली
तेवढ्यात तबिथा खंडारे उठली,
तुरीची टोपली मेजाखाली सरकवली
आणि म्हणाली, मला नाही, वर टिनाकडे पाहून,
(मी डोळे उघडे ठेवतो, कोण पेंगतं ते पाहायला)
"थांब जरा. येतो मी."

गेली. चपला हातात घेऊनच.

नंतर कळलं, गोदी काळमेघच्या दारात गेली होती.
तिला कोंबडीचोर म्हटलं होतं, भर नळावर,
आणि कोंबडी शनिवारी रात्री सापडली
तबिथाच्याच तुराट्यांच्या गंजीत, सात अंड्यांवर बसलेली.
गोदी आपल्यातली नाही, तिला मत्तय ठाऊक नाही.
तबिथालाही वाचता येत नाही.
तिनं ते वचन कधीतरी नुसतं ऐकलं
आणि, काय सांगू,
करायचं असतं असं समजली.

परतली तेव्हा भोजन आटोपलं होतं.
मी ट्रे धुवायला घेतला होता.
"उरलं नाही," म्हणालो.
रस उरला होता.
"असू द्या वो भाऊ, गोदीनं चहा पाजला."
मग टोपली ओढली आणि मेजावर ठेवली,
दोन्ही हातांनी. आमेनही नाही.
पांढऱ्या कापडावर तुरीचे चार दाणे सांडले,
ते मी वेचले, कारण कापड माझ्या जिम्म्यात.

आता माझं.
उजवीकडे तिसऱ्या बाकावर शांतवन बसतो, धाकटा भाऊ.
अकरा वर्षं आम्ही एकाच ट्रेमधून घेतो
आणि बोलत नाही.
आईच्या दगडावर मी कोरून घेतलं:
प्रभूमध्ये निद्रिस्त. शोकाकुल मुलगा.
पुढे माझं नाव, हुद्द्यासकट.
पाथरवट म्हणाला, साहेब, खाली वीतभर जागा उरते.
म्हटलं, उरू दे.
शेवटचे चार महिने आईची शी-मूत त्यानं काढली.
मी प्रार्थनेला यायचो.

आज शनिवार. उद्याची भाकरी कापायची आहे.
त्याचं दार इथून चाळीस पावलं.
दिवा दिसतो, ताट सरकवल्याचा आवाज येतो.
मी वाक्य जुळवतो: प्रिय बंधो, ख्रिस्ताच्या प्रीतीने...
नाही.
शांत्या, माह्यं चुकलं.
तीन शब्द आहेत, आणि जीभ उलटत नाही,
तीच, जी देवासमोर अर्धा तास चालते.

हे लिहितोय तेही काय आहे, कळतंय मला.
आणखी एक लांब प्रार्थना.
चपला दाराशी आहेत.
वर कवेलूंकडे पाहून म्हटलं, थांब जरा.
पुढचं अजून म्हटलेलं नाही.