घरघर

पहाटे डोळे उघडायच्या आधी
उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर जातात.
कातडीखाली घरघरतंय.
चालू आहे.
मग उठतो.

शीर आणि धमनी जोडून दिली, त्याला तीन वर्षं झाली.
डॉक्टर फिस्टुला म्हणतात, मी आयडलिंग.
नाना पेठेत एकतीस वर्षं स्कूटरी उघडल्या मी,
नुसता कान लावून सांगायचो
कचरा कार्ब्युरेटरमध्ये आहे की मालकाच्या डोक्यात.
आता स्वतःलाच कान लावतो,
हात उशीसारखा गालाखाली घेऊन.

लोक म्हणतात, घरघर लागली
म्हणजे संपलं, तोंडात पाणी घाला, पोरांना फोन करा.
माझं उलटं आहे.
घरघर थांबली तर फोन करायचा.
आणि पाणी तर घालायचंच नाही.

पाणी मोजून. दिवसाला सातशे मिली,
चहा, आमटी, गोळ्यांचा घोट, सगळं धरून.
इंदूनं बाटलीवर नेलपॉलिशच्या रेघा मारल्यात.
पेपरात येतं, खडकवासल्यात इतके टीएमसी,
गेल्या वर्षीपेक्षा कमी.
ती वाचून दाखवते, मग बाटली उजेडात धरते:
"तुमच्या धरणात अजून दोन रेघा."
एप्रिलमध्ये मी चोरी केली होती.
मोरीतला नळ, एक ओंजळ, मग अजून एक.
रात्री दम लागला तेव्हा तिनं काही विचारलं नाही,
नुसती खिडकी उघडली.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
गुरुवारी शहराचं पाणी बंद
आणि त्याच दिवशी माझं काढतात.
तिसरा मजला, सहा नंबरची खुर्ची, चार तास.
सुई जाडच असते, खोटं कशाला बोलू.
पाच नंबरला गुंजाळ बाई, भूगोलाच्या, रिटायर.
सुई जवळ आली की डोळे मिटून नद्या म्हणायच्या:
कुकडी, घोड, मीना, पुष्पावती, वेळ.
वेळपर्यंत सुई आत गेलेली असायची.
"वेळ नावाची नदी आहे?"
"आहे तर, शिरूरकडे.
उन्हाळ्यात कोरडी पडते,
म्हणून काय नकाशातून खोडायची?"

मग एका गुरुवारी पाच नंबरवर नवी चादर
आणि मंचरचा एकोणीस वर्षांचा पोरगा,
हात शर्टाच्या आत लपवलेला.
कुणी काही बोललं नाही.
मी त्या दिवशी रेश्मा सिस्टरशी भांडलो,
वजनकाट्याशी भांडलो, जिन्याशीसुद्धा.
ठरवलं, शनिवारी जायचं नाही.
शनिवारी इंदूनं चपला दारात सरळ करून ठेवल्या
आणि ज्वारी निवडत बसली.
गेलो.

चार तासांनी खाली उतरलो तर पार्किंगमध्ये
रेश्मा ॲक्टिव्हाला किका मारतेय, घामाघूम.
मला गरगरत होतं. डाव्या हातावर जोर द्यायचा नाही.
तिथंच फरशीवर बसकण मारली
आणि पोराला हाक मारली: ए मंचर, पाना धर.
उलटा नाही रे. हां. आता प्लग काढ.
काळा ठिक्कर. त्यानं शर्टालाच पुसला.
तिसऱ्या किकेला गाडी बोलली.
पोरगा पहिल्यांदा हसला,
दोन्ही हात बाहेर काढून.

"काका, माझंही असंच वाजतं का हो?"
मी बोट ठेवलं. नवीन इंजिन, जरा फास्ट.
"चालू आहे," म्हटलं.

मंगळवारी सुई जवळ आली तसा
त्याचा चेहरा पांढरा पडला.
मी सुरुवात केली: कुकडी, घोड, मीना...
पुढची आठवेना.
क्लच प्लेट, म्हटलं, किक शाफ्ट, ऑइल सील.
तो खो खो हसला, रेश्मा ओरडली, हलू नको,
तोवर सुई आत.

घरी येताना रिक्षात डोळा लागला.
उतरून दोन पायऱ्या चढलो,
श्वासासाठी कठड्याला टेकलो
आणि आठवली.
पुष्पावती.
गुरुवारी सांगेन त्याला.