रीसेटचं बटण

साबिरकुल फोनवर इतकंच म्हणाला,
"दाबतोय, पण ढिम्म आहे."
मला वाटलं मेंढीबद्दल बोलतोय.

नारिनहून त्याच्या दवाखान्यापर्यंत तीन तास,
त्यातला एक चाकांना साखळ्या बांधण्यात गेला.
बाहेर उणे सव्वीस. आत कोळशाची शेगडी,
लशींचा फ्रिज, जो हिवाळ्यात
लशी गोठू नयेत म्हणून चालू ठेवतात,
आणि टेबलाखाली तो, राखाडी,
डोक्यावर क्रोशाचा रुमाल.
पोटात बारा गावांच्या मेंढ्या:
कुणाला लस दिली, कुणाची राहिली,
कुठली गाभण, कुठली लांडग्यानं नेली.
सोमवारी तपासणीला माणूस येणार होता.

आधी पाहिलं ते, जे सगळे विसरतात.
त्याच सॉकेटला किटली लावली. पाणी उकळलं.
"चला, काहीतरी चालू झालं,"
म्हणत त्यानं चहा ओतला.

झाकण काढलं तर आत धूळ नव्हती, लोकर होती.
दोन मुठी निघाली.
एक सूर्यफुलाच्या बियांचं टरफल,
एक माशी, पाय वर करून,
कुठल्यातरी उन्हाळ्यातली.

मी केसातली पिन काढली,
सुरीनं तिचा काळा रंग खरवडला,
हिरवी तार काळ्या तारेला भिडवली
आणि नाकाशी सूत धरावं तसा
पॉवर सप्लायच्या जाळीपुढे
लोकरीचा एक धागा धरला.
धागा हलला.

म्हणजे श्वास आहे.
मग रॅमच्या पट्ट्या.
त्याच्या धाकटीच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं,
स्ट्रॉबेरीचा वास येणारं,
सोनेरी दात घासून घासून लख्ख केले.
ही काढली, ती ठेवली. ती काढली, ही ठेवली.
प्रत्येक केबल उपटून पुन्हा बसवली.
दोन तास.
चहा तिसऱ्यांदा गार झाला.
"गेला का?" त्यानं विचारलं,
ज्या आवाजात लोक त्याला विचारत असतील.
"गेला नाही. दातखीळ बसलीय."

तेव्हा माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं.
जाड, टाके घालून घालून भेगाळलेला.
रोज सकाळी, अकरा वर्षं,
हा अंगठा त्या एका बटणावर.

मदरबोर्डच्या कोपऱ्यात दोन काटे असतात, तांदळाएवढे.
बटणाची वायर काढून
स्क्रू ड्रायव्हरचं टोक
दोन्ही काट्यांना एकदम टेकवलं. नुसतं टेकवलं.

एक बीप. घसा खाकरल्यासारखी.
मग पंखे, मग निळा उजेड,
मग बारा गावं.

मला लाज वाटली, खरं सांगते.
पोट फाडून बसले होते, आणि दुखणं कातडीवर.
साबिरकुल मात्र हसत सुटला:
एकदा रात्रभर तो एका घोडीचं पोट चाचपत बसला होता,
पहाटे मालकाच्या पोरानं येऊन
तिच्या खुरातला खिळा काढला.

नवं बटण बिश्केकहून येणार, आणि वरचा घाट बंद.
म्हणून मी रीसेटची वायर काढली,
मसुरीच्या दाण्याएवढं ते शेजारचं बटण,
अकरा वर्षांत कुणी हात न लावलेलं,
आणि तिला त्या दोन काट्यांवर बसवलं.
अंगठा त्यावर मावेना.
त्यानं पेन्सिलीनं दाबून पाहिलं. बंद. पुन्हा दाबलं. चालू.
पोरासारखं चार वेळा केलं,
मी ओरडले तेव्हा थांबला.

"आणि मध्येच अडकला तर?
पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बटण तर तू खर्ची घातलंस."
मी पेचकस पुसत होते.
"मग हेच बटण दाबून धरायचं," म्हटलं,
"मनात पाचपर्यंत मोजायचं.
मरू द्यायचं त्याला पूर्ण.
आणि मग."

त्यानं ते कागदावर लिहून घेतलं,
मेंढ्यांच्या औषधाचं लिहितो तसं,
मात्रेसकट: पाच.

पैसे दिले त्यानं, आणि वर कुरुतच्या गोळ्यांची पिशवी.
घाटात साखळ्या पुन्हा बांधताना एक तोंडात टाकली.
खारट, दगडासारखी.
केस सारखे डोळ्यांवर येत होते.
पिन तिथेच राहिली होती.